स्वस्ताईतली बेगमी

‘आज मध्यरात्रीपासून पेट्रोल महाग’ ही बातमी संध्याकाळी दूरदर्शनवर आली की पंपांवर दुचाक्यांची रांग लागत असे. लिटरमागे दोन रुपये वाचविण्यासाठी तासभर तिष्ठणारा मध्यमवर्गीय त्या रांगेत सरकारला आणि तेल कंपन्यांना आलटून पालटून दूषणे देई. १६ जून २०१७ पासून दररोज दर ठरविण्याची पद्धत देशभर आली आणि त्या रांगा गेल्या. पण भाव चढतात कशाने आणि उतरतात कशाने, हा प्रश्न मात्र आपण आजही नीट विचारत नाही.

लासलगावच्या बाजारात कांद्याची आवक घटली की भाव कडाडतो. तेलाचा व्यवहारही मुळात तोच. फरक इतकाच, की कांदा महागला तर गृहिणी चार दिवस त्याच्यावाचून भागवते. तेलाची गरज अशी एकाएकी आवरता येत नाही. नोकरदाराला कामावर जावेच लागते, मालमोटारीला बाजार गाठावाच लागतो. म्हणूनच पुरवठ्यातील थोडी तूटही भावात कितीतरी मोठी होऊन उमटते. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायलशी चाललेल्या युद्धाच्या वेळी अरब देशांनी उत्पादन आखडते घेतले. तेव्हा तीन डॉलरच्या आसपास मिळणारे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. तेल जगातून नाहीसे झाले नव्हते. फक्त गरजेला पुरत नव्हते.

याची दुसरी बाजू एप्रिल २०२० मध्ये दिसली. टाळेबंदीने वाहने थांबली, पण विहिरी वाहतच होत्या. अमेरिकेत कुशिंग येथील टाक्या भरत आल्या आणि २० एप्रिलला मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली सदतीस डॉलरवर घसरला. माल नेणाऱ्यालाच पैसे द्यावेत, अशी अवस्था झाली!

मग आपल्या पंपावर पेट्रोल मातीमोल का झाले नाही? कारण मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे दहा रुपयांनी आणि डिझेलवरील तेरा रुपयांनी वाढविला. महामारीच्या खर्चासाठी महसूल हवा होता, हा युक्तिवाद पोकळ नव्हे. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये करात कपातही झाली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि केंद्र असो वा राज्ये, भाव चढताना जगाच्या बाजाराकडे बोट दाखवायचे आणि उतरताना कराची भिंत उभी करायची, हा शिरस्ता पडला तर जनतेचा विश्वास उडतो. कर घ्यावा, पण तो कर आहे, हे स्पष्ट सांगून घ्यावा.

त्याच स्वस्ताईत एक शहाणपणाचे कामही झाले. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत साठे भरून घेण्यात आले. त्यांची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचे साठे त्याहून वेगळे. तरीही गरजेच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला ही शिदोरी अपुरी आहे.

कोकणातली गृहिणी पावसाळ्याची बेगमी मे महिन्याच्या उन्हात करते, आषाढाच्या सरीत नव्हे. जगाचा बाजार आपल्या हाती नाही, कोठार आहे. ते स्वस्ताईतच भरावे लागते.