आईलाही सिनेमा पुरा दिसावा

शुक्रवार, शनिवार, रविवार अशी जोडून सुट्टी आली की कुणाच्या घरी टीव्ही बंद असतो ते सांगा बघू. आठवडाभर शाळा, गृहपाठ, त्यात संध्याकाळी लाईट जाते. मग राहिलेले सगळे सिनेमे सुट्टीत बघून घ्यायचे. काही मोठी माणसे म्हणतात, टीव्हीने पोरे बिघडतात. मला तसे वाटत नाही. चांगला सिनेमा जरूर बघावा. माझे म्हणणे वेगळेच आहे. सिनेमा चालू असतो तेव्हा आई कुठे असते?

आमची आई चुलीपाशी असते. मागच्या सुट्टीत आम्ही ‘एलिझाबेथ एकादशी’ बघितला. हा २०१४ सालचा सिनेमा पंढरपुरात घडतो. ज्ञानेशच्या सायकलीचे नाव एलिझाबेथ. ती त्याच्या वडिलांनी बनवलेली, आणि वडील आता नाहीत. कर्जापायी आईचे विणायचे मशीन जप्त होते, म्हणून ती सायकल विकायला निघते. मग पोरे एकादशीच्या यात्रेत गुपचूप बांगड्यांचे दुकान लावतात. बाबा, आजी, दादा आणि मी अगदी पुढे सरकून बसलो होतो. आई भाकरी थापता थापता आतून विचारायची, “आता काय झालं गं? सायकल विकली का?” दादा म्हणायचा, “थांब गं आई, ऐकू येत नाही.” सिनेमात आईचे हाल बघून आजी रडली. पण आमच्या आईने तो नुसता ऐकला.

आपल्या देशातला पहिला मोठा कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली काढला. तो मुका होता. त्यात काम करायला बायका मिळेनात, म्हणून राणी तारामती झाले अण्णा साळुंके. ते हॉटेलात आचारी होते! म्हणजे पुरुषांना स्वयंपाक येतो. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचे जेवण करायच्या, शिवाय फिल्मला भोके पाडायचे कामही करायच्या. एवढी मेहनत त्यांनी केली. त्यांना तरी तो सिनेमा निवांत बसून बघायला मिळाला असेल का, असे माझ्या मनात येते.

आजी म्हणते, पूर्वी दूरदर्शनवर सिनेमा ठरल्या वेळी लागायचा, कुणासाठी थांबायचा नाही. तेव्हाचे ठीक आहे. आता मोबाईलवर सिनेमा थांबवता येतो. दादा खेळायला जाताना थांबवतोच की! मग भाकरीसाठी का थांबवायचा नाही?

मला वाटते, आधी सगळ्यांनी मिळून कामे उरकावीत, मग सिनेमा लावावा. पाणी दादाने भरावे. लसूण मी सोलीन, भाजी पण निवडीन. भांडी बाबांनी घासावीत. बाबा हे वाचायला शाळेत येणार आहेत. भांड्यांचे मी त्यांना अजून विचारलेले नाही.

— इयत्ता चौथी