तेराव्या महिन्याचा हिशेब

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण एक तक्रार आहे. संकट आलं ते आलं, वर नेमकी वेळ साधून दुसरंही आलं, अशी. वेळ साधून म्हटलं की ती साधणारा कुणीतरी आपण गृहीत धरलेला असतो. योगायोग खरोखर असतात का, या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही, कारण म्हणीतल्या दोन्ही गोष्टी मोजता येतात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. वर्षाला अकरा दिवस सूर्याच्या पुढे पळणारं पंचांग ऋतूंशी जुळवून घ्यायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालावा लागतो. हे एकोणीस वर्षांत सात वेळा घडतं. म्हणजे कोणतंही वर्ष उचला, ते तेरा महिन्यांचं निघण्याची शक्यता तिनात एकाहून थोडी जास्तच. शंभर दुष्काळ पडले तर त्यांतल्या छत्तीस-सदतीस दुष्काळांत तेरावा महिना कुणी न धाडताही यायचाच. (खरं तर पीक सूर्याच्या चालीवर येतं, एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचं अंतर या महिन्यानं वाढत नाही आणि कणगीतलं धान्यही जास्त लागत नाही. वाढतो तो जावयाच्या धोंड्याचा खर्च.)

यावर कुणी म्हणेल, कागदावरची शक्यता राहू द्या, प्रत्यक्षात काय झालं ते सांगा. आणि प्रत्यक्षातली यादी मोहात पाडणारी आहे. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. त्या वर्षी वैशाख अधिक होता. २०१२ मध्ये अधिक भाद्रपद, २०१५ मध्ये अधिक आषाढ, २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ, आणि या तिन्ही वर्षी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दुष्काळ. एवढंच समोर ठेवलं तर पंचांगावर संशय घ्यावासा वाटतो. पण ही यादी मी निवडून केली आहे, आणि निवडलेल्या यादीनं काहीही सिद्ध करता येतं. २००२ आणि २००९ ही देशभराच्या दुष्काळाची वर्षं, २०१४ मध्ये मराठवाडा होरपळला. तिन्ही वेळा महिने बाराच होते. उलट २०१० आणि २०२० या वर्षांत अधिक महिना आला आणि देशात पाऊसही चांगला झाला. या वर्षांसाठी म्हण नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दोन गोष्टी सोबत येतात तेव्हा मागे एखादं न दिसणारं कारण असू शकतं. असतंही. १९७२, २००२, २००९, २०१५ या चारही वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, आणि त्याचा आपल्या मोसमी पावसाशी संबंध आहे. पण एल निनो दोन ते सात वर्षांच्या बेभरवशाच्या अंतरानं येतो, अधिक महिना मात्र चंद्र-सूर्याच्या पक्क्या गणितानं. दुष्काळाला त्याचं कारण आहे, तेराव्या महिन्याला त्याचं. त्या दोघांच्या भेटीला मात्र कारण नाही. योगायोग म्हणतात तो एवढाच, आणि तो अगदी खरा असतो. कावळा बसतो तेव्हा दमला म्हणून बसतो, फांदी मोडते ती पोखरलेली असते म्हणून. आपल्या भाषेनं मात्र यात घोळ घालून ठेवलाय. लग्न जुळलं की ‘योग होता’, नाही जुळलं की ‘योग नव्हता’. याच ‘योगा’ला ‘अयोग’ चिकटून ‘योगायोग’ झाला की तीच गोष्ट निर्हेतुक होते.

रोजच्या जगण्यात हा हिशेब करणं अवघड, कारण चुकलेल्या वेळा कुणी टिपून ठेवत नाही. नाव काढावं आणि माणूस दारात उभा राहावा, की आपण त्याला शंभर वर्षं आयुष्य देऊन टाकतो. नाव काढूनही जे आले नाहीत त्यांची गणती कोण करतो? शिवाय भेटी किती प्रकारे घडू शकतात याचा आपला अंदाजही थिटा असतो. तेवीस माणसं एका खोलीत असली तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हे पटत नाही, कारण आपण तेवीस माणसं मोजतो. त्यांच्या जोड्या २५३ होतात.

मग ऐन वेळेवर काही येतच नाही का? येतं, पण ती वेळ घेणाऱ्याच्या बाजूनं ठरते. मृगाच्या तोंडावर पडलेली एकच सर. नांगरट-कुळवणी उरकून बसलेल्याला ती वेळेवर वाटते, वाळवण अंगणात राहिलेल्या घराला अवेळी. ढगाला दोन्ही घरं सारखीच. २०२९ मध्ये पुन्हा तेरा महिने आहेत. त्या वर्षी पाऊस दडला तर म्हण सगळ्यांच्या तोंडी असेल. धो धो बरसला, तर अधिक महिना होता हे अनारसे तळणाऱ्यांखेरीज कुणाला आठवणार नाही.