मोजक्यांचे ज्ञान, सर्वांचा पैसा

नॉर्थ्रप कंपनीने अमेरिकेच्या हवाई दलासाठी घडवलेले बी-२ हे बाँबफेकी विमान २२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे प्रथमच जगासमोर आणण्यात आले. रडारला हुलकावणी देऊन अण्वस्त्रे वाहून नेणारे हे यंत्र निमंत्रितांना केवळ समोरून आणि दुरून पाहता आले. ज्यांच्या करांतून ते उभे राहिले, त्यांनी त्याची मागची बाजू पाहू नये असा बंदोबस्त होता. मोजक्यांच्या मुठीत ठेवलेले हे ज्ञान पुढे कोणाच्या मुळावर आले, हे पाहण्यासारखे आहे.

मूळ बेत १३२ विमानांचा होता. शीतयुद्ध संपले आणि ही संख्या अखेर २१ वर आली. संशोधनाचा सारा भार या थोड्या विमानांवर पडून १९९७ च्या हिशेबाने एकेका विमानाचा खर्च दोन अब्ज डॉलरांच्या वर गेला. परंतु खरेदी हा खर्चाचा आरंभ असतो, अंत नव्हे. एकवीस विमानांना सुटे भाग लागणार ते किती? एवढ्याशा मागणीसाठी कोणता कारखानदार आपली अवजारे आणि कुशल कामगार वर्षानुवर्षे राखून ठेवील? ज्या बाजाराच्या न्यायाचे गोडवे अमेरिका जगाला ऐकवते, तोच न्याय येथे तिच्यावर उलटला. २०२१ साली या विमानातील उष्णता-विनिमयकाचा गाभा उकलून, तो घडवण्याची रीत नव्याने शोधून देणाऱ्यांसाठी तिच्या हवाई दलाला जाहीर मागणी काढावी लागली. अब्जावधी डॉलर ओतून मिळवलेली विद्या हातची निसटत असल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

२३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावर एक बी-२ उड्डाण करतानाच कोसळले. हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांत शिरलेला ओलावा हे त्याचे कारण निघाले. तो आधी उष्णता देऊन घालवावा, ही साधी युक्ती काही जणांना २००६ पासूनच ठाऊक होती. ती सर्वांपर्यंत रीतसर पोचलीच नव्हती. दोन्ही वैमानिक वाचले, परंतु १.४ अब्ज डॉलरांचे विमान जळून गेले. २०२२ च्या डिसेंबरात आणखी एका विमानाला अपघात झाला. त्याची दुरुस्ती परवडणारी नाही म्हणून ते ताफ्यातून वगळण्याचे २०२४ मध्ये ठरले. उरली १९.

सुट्या भागांची चणचण म्हणजे संहारशक्तीची चणचण मात्र नव्हे. जून २०२५ मध्ये यांपैकीच ७ विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले. आता बी-२१ नावाची किमान १०० नवी विमाने घेण्याची योजना आहे. ती किती पडतील, हे विचारले जाईलच. पण ती तीस वर्षे सांभाळण्याचा खर्च किती आणि तो कोणत्या शाळा-इस्पितळांच्या तोंडचा घास असेल, हे विचारण्याचा हक्क अमेरिकी नागरिकाने आजच बजावला पाहिजे. विमाने हँगरमध्ये आल्यावर त्या प्रश्नाला उत्तर म्हणून केवळ बिलेच येतील.