एक रुपयाचं पॅड फडात पोचतं का?

२०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. २०१९ पासून जनऔषधी केंद्रात पॅड एक रुपयाला मिळतं. चांगलंच झालं! पण केंद्र बाजारपेठेत आणि ऊसतोड बाई फडात. बीडहून सीमाभागात आलेली ही बाई हंगामभर कोपीत राहते. तिथे ना संडास, ना नळ. कापड धुवायचं कुठे, वाळवायचं कुठे? एक दिवस बसली तर खाडा लागतो, पैसे कापले जातात. बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या. त्यामागे ही खाड्याची भीतीही होती. म्हणून मित्रमैत्रिणींनो, नुसते पॅड वाटून फोटो काढणं पुरेसं नाही. कारखान्याने तळावर पॅडसोबत पाणी, आडोसा आणि पाळीत बिनखाड्याची सुट्टी द्यायला हवी. साखर आपण सगळेच खातो. ही मागणीही आपणच करूया.