यंत्रांचे पाठभेद

घरोघरी आता इंटरनेटची एक लहानशी पेटी आली आहे. डोक्यावर दोन-चार शिंगे, पोटात मिणमिणते हिरवे दिवे, आणि बहुधा दूरदर्शन संचाच्या मागे धूळ खात पडलेली. ही पेटी उलटी करून तिच्या पाठीवरची चिठ्ठी वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. वाचकांनी एकदा घ्यावेत. त्या चिठ्ठीवर नमुन्याचे नाव असते, अनुक्रमांक असतो, आणि अनेकदा कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'व्हर्जन २' किंवा 'व्हर्जन ४' असा काहीतरी मजकूर असतो. नाव ठळक, आवृत्ती बारीक. महत्त्व मात्र उलटे आहे. त्या पेटीसाठी कंपनीने काढलेले सुधारित सॉफ्टवेअर उतरवून घ्यावयास जावे, तर विचारणा होते ती आवृत्तीची. भलत्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर आत भरले, तर पेटी कायमची मुकी होण्याचा संभव असतो.

एकाच नावाची, एकाच रूपाची दोन यंत्रे आतून निराळी कशी? कारण साधे आहे. यंत्राच्या पोटात जी हिरवी पाटी असते, जिला सर्किट बोर्ड म्हणतात, ती कारखान्यात वर्षानुवर्षे तयार होत राहते, आणि तेवढ्या काळात जग थांबून राहत नाही. कुठे एखादी चिप बनणे बंद होते, कुठे तिच्याहून स्वस्त चिप मिळते, तर कुठे पहिल्या पाटीत राहिलेला दोष गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून ध्यानात येतो. मग पाटीचा आराखडा थोडा बदलतात, नाव तेच ठेवतात, आणि नवी आवृत्ती बाजारात येते. जुनी आवृत्ती ज्यांनी घेतली, त्यांच्याकडे ती तशीच चालू राहते.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास यात फारसे नवल वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलकारांच्या हातून पाठभेद शिरले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण येथे एक मोठा भेद आहे. पोथीतला पाठ चुकीचा असेल तर हरताळ लावून दुरुस्त करता येतो. लोकांच्या घरी पोहोचलेल्या पाटीवरची तांब्याची वाट कोण बदलणार? पाटी जशी आहे तशी वाचणे एवढेच सॉफ्टवेअरच्या हाती उरते. म्हणजे येथे संपादकाने प्रत शुद्ध करावयाची नसून, वाचकाने सगळ्या प्रती बिनचूक वाचावयाच्या आहेत.

हे न जमल्यास काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण लिंकसिस कंपनीच्या निळ्या-काळ्या पेटीचे आहे. डब्ल्यूआरटी ५४ जी हे तिचे नाव. हिच्या आत लिनक्स ही खुली कार्यप्रणाली होती. तिचा मूळ मजकूर २००३ मध्ये उघड झाल्यावर जगभरच्या हौशी लोकांनी आपापली सॉफ्टवेअरे लिहून तीत घातली. ओपनडब्ल्यूआरटी नावाचा आजही जिवंत असलेला प्रकल्प २००४ मध्ये त्यातूनच उगवला. मग २००५ च्या सुमारास पाचवी आवृत्ती निघाली. नाव तेच, रूपही तेच. पण स्मृती १६ मेगाबाइटांवरून ८ वर आणि साठवण ४ वरून २ वर आलेली, आणि कार्यप्रणालीही लिनक्स नव्हे तर व्हीएक्सवर्क्स नावाची दुसरीच. खोक्यावरचे नाव वाचून ज्यांनी ती विकत घेतली, त्यांच्या हाती भलतेच यंत्र पडले. पुढे कंपनीने जुन्या धाटणीची पेटी नावात एक अक्षर वाढवून वेगळी विकावयास काढली. हे शहाणपण आधीच सुचले असते तर बरे होते. आतला जीव बदलला तर नावही बदलावे, एवढी अपेक्षा गिऱ्हाइकाने केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

परंतु बहुतेक वेळा बदल एवढा ढोबळ नसतो. तो एखाद्या तारेइतका लहान असतो, आणि म्हणूनच अधिक घातक असतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. आपल्याकडील अनेक शाळांच्या प्रयोगशाळांतून हा आता दिसतो. मुलांनी संगणक नुसता वापरू नये, त्यास आज्ञा लिहावयास शिकावे, या हेतूने केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने तो काढला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याची विक्री सुरू झाली. किंमत ३५ डॉलर. तळहातावर मावेल एवढी ती पाटी, आणि तिच्या कडेला २६ खिळ्यांची दुहेरी रांग. त्या खिळ्यांना दिवा जोडावा, घंटी जोडावी, तापमापक जोडावा, आणि आज्ञावली लिहून त्यांना नाचवावे, अशी ही योजना.

त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी आवृत्ती जाहीर झाली. पाटीला बसविण्यासाठी दोन भोके पडली, काही किरकोळ दुरुस्त्या झाल्या, आणि खिळ्यांच्या मागची जोडणी तीन ठिकाणी बदलली. तिसरा आणि पाचवा खिळा पूर्वी मुख्य चिपच्या ० व १ या क्रमांकांच्या वाटांना जोडलेला होता, तो आता २ व ३ यांना जोडला गेला. तेराव्या खिळ्यामागे २१ होता, तेथे २७ आला. बाहेरून पाहणाऱ्यास खिळे तेच, रांगही तीच.

आता असे समजा की एखाद्या शिक्षकाने पहिल्या पाटीवर तेराव्या खिळ्याला दिवा जोडला आणि आज्ञावलीत लिहिले, '२१ क्रमांकाची वाट चालू कर.' दिवा लागला. वर्षभराने नव्या पाट्या आल्या. तोच दिवा, तोच खिळा, तीच आज्ञावली. पण दिवा लागत नाही. धूर निघत नाही की पडद्यावर तक्रार उमटत नाही. संगणकाने हुकूम तंतोतंत पाळला आहे, फक्त २१ ची वाट आता त्या खिळ्याकडे येतच नाही. मुलाला वाटते आपले चुकले, आणि बिचारे पुनःपुन्हा आपलीच आज्ञावली तपासत बसते. यंत्राची चूक असताना मुलाने स्वतःस मठ्ठ समजावे, यासारखे वाईट शाळेत दुसरे काही नाही.

यावर तोड होती, आणि ती दोन प्रकारची होती. पहिली अशी की, प्रत्येक पाटीच्या चिपमध्ये कारखान्यातच एक आवृत्ती-अंक कायमचा कोरलेला असतो. २ किंवा ३ असेल तर ती पाटी पहिल्या आवृत्तीची, ४ व त्यापुढील असेल तर नंतरची. आज्ञावलीने प्रथम हा अंक वाचावा आणि मग वाट ठरवावी. यातही एक गंमत होती. चिपला तिच्या प्रकृतीस न झेपणारा विद्युत्दाब देऊन कोणी पळविले असेल, तर हमी संपल्याची खूण म्हणून त्या अंकामागे आकडे वाढत आणि ३ चे १०००००३ होत. ज्यांनी संपूर्ण अंक ताडून पाहिला ते फसले. ज्यांनी शेवटचे चारच आकडे पाहिले ते तरले. २०१५ पासूनच्या नव्या पाट्यांत या अंकाची रचना अधिक शिस्तीची झाली: स्मृती, कारखाना, चिप, नमुना आणि आवृत्ती यांस स्वतंत्र जागा मिळाली.

दुसरी तोड मला अधिक पसंत आहे. खिळ्यांस चालविण्याकरिता पायथॉन भाषेत जे लोकप्रिय साधन निघाले, त्यात चिपच्या वाटांचे क्रमांक न वापरता खिळ्याचा रांगेतला क्रमांक वापरण्याची सोय होती. 'तेरावा खिळा चालू कर' एवढेच लिहावे. त्यामागे २१ आहे की २७, हे त्या साधनाने आवृत्ती-अंक पाहून ठरवावे. वर्गात काही मुलांकडे पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्ती आणि काहींकडे नवी असली, तर चांगला शिक्षक 'पान बेचाळीस उघडा' असे न म्हणता 'अमुक धडा, दुसरा परिच्छेद' असे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पानांचा हिशेब ठेवण्याचे ओझे मुलांवर पडत नाही.

एका पाटीच्या दोन आवृत्त्यांपुरते हे ठीक झाले. पण लिनक्स ही कार्यप्रणाली धुलाईयंत्रापासून तिकिटाच्या यंत्रापर्यंत असंख्य पाट्यांवर चालते. भ्रमणध्वनीत असते त्या एआरएम जातीच्या चिपांसाठी तीत पूर्वी प्रत्येक पाटीमागे एक स्वतंत्र मजकूर लिहिलेला असे: या पाटीवर दिवा येथे, घड्याळ तेथे. प्रत्येक नव्या पाटीला एका सार्वजनिक यादीत क्रमांक मिळे, आणि कार्यप्रणालीच्या पोटात आणखी एक 'जर-तर' वाढे. हा पसारा एवढा झाला की मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याविरुद्ध फार कडक शब्दांत तक्रार केली.

पुढे जो मार्ग रूढ झाला त्यास डिव्हाइस ट्री म्हणतात. कल्पना पूर्वीची, दुसऱ्या जातीच्या संगणकांवरून घेतलेली. सरकारी शाळेत ज्यांनी नोकरी केली त्यांना ती एका वाक्यात कळेल: हे पाटीचे डेडस्टॉक रजिस्टर होय. बदलून आलेला मुख्याध्यापक कपाटे कोठे, बाके किती, नकाशे कोणत्या खोलीत, हे पाठ करून येत नाही. त्याने कारभार शिकलेला असतो. वस्तूंची यादी त्याला चार्ज घेताना हाती मिळते. तसेच येथे कार्यप्रणालीने कारभार तेवढा जाणावा, आणि यंत्र सुरू होताना तिच्या हाती त्या पाटीची यादी द्यावी. पाटीची आवृत्ती बदलली तर यादी बदलावी, कारभारी बदलू नये. डिसेंबर २०१२ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ३.७ या आवृत्तीपासून एआरएमच्या निरनिराळ्या घराण्यांतील पाट्यांवर एकच कार्यप्रणाली चालविणे शक्य झाले, ते प्रामुख्याने या यादीच्या बळावर.

रजिस्टर चुकीचे असले म्हणजे काय अनवस्था होते, हेही नोकरदार वाचकांस सांगावयास नको. पहिल्या आवृत्तीची यादी दुसऱ्या आवृत्तीच्या पाटीस दिली, तर कारभारी नसलेले कपाट शोधत बसतो. तेव्हा योग्य यादी निवडावयाची तर पाटीने आपली ओळख कोठेतरी सांगितलीच पाहिजे. बीगलबोन नावाच्या पाटीवर त्यासाठी एक छोटी स्मृती-चिपच बसविलेली असते, तीत नाव व आवृत्ती लिहिलेली असते. काटकसरी कारखानदार मुख्य चिपचे तीन पाय राखून ठेवतो आणि प्रत्येक आवृत्तीत ते वेगवेगळ्या रीतीने वर किंवा खाली जोडतो. तीन पायांतून आठ आवृत्त्या ओळखता येतात, खर्च फक्त दोन-चार रोधकांचा. हा खर्चही जो वाचवितो, तो आपल्या पुढच्या दहा वर्षांतील अभियंत्यांच्या माथी दुःख मारतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि प्रत्येक वेळी 'तू कोणत्या आवृत्तीची?' असे विचारलेच पाहिजे असे नाही. जून २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या रास्पबेरी पायमध्ये वीज घेण्याच्या तोंडाशी एक रोधक कमी पडला होता, त्यामुळे काही भारी प्रतीच्या तारा तिला वीजच देईनात. पुढच्या आवृत्तीत तो दोष काढला, आणि सॉफ्टवेअरला त्याची वार्ताही लागण्याचे कारण नव्हते. याउलट २०२० मधल्या आवृत्तीत यूएसबीचा कारभार पाहणाऱ्या चिपशेजारची छोटी स्मृती-चिप काढून टाकण्यात आली. त्यामुळे त्या चिपला आपले काम आपोआप आठवेना, कोणीतरी ते तिला पढवून द्यावे लागे. लिनक्समध्ये यावर जो उपाय झाला, त्यात आवृत्ती-अंक पाहिलाच जात नाही. चिपलाच विचारतात, 'तुझ्याकडे तुझा पाठ आहे का?' असल्यास पुढे चालावयाचे, नसल्यास पाठ पढवावयाचा. नव्या विद्यार्थ्यास 'कोणत्या शाळेतून आलास?' असे न विचारता 'पाढे येतात का?' असे विचारावे, तसे हे आहे. उद्या आणखी एक आवृत्ती निघाली, तरी हा प्रश्न शिळा होणार नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तोच खरा अवघड आहे. जितक्या आवृत्त्या जिवंत, तितक्या पाट्या कपाटात जपून ठेवणे आले, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलली तरी त्या सर्वांवर ते चालवून पाहणे आले. पुष्कळ कंपन्या दोन-तीन वर्षांत या कामास कंटाळतात, आणि घरातले चालते यंत्र केवळ सॉफ्टवेअरअभावी म्हातारे ठरते. शाळांचे तर विचारूच नका. तेथे सामान एकदम येत नाही, अनुदानाप्रमाणे थोडे थोडे येते, आणि एका कपाटात चार वर्षांच्या चार आवृत्त्या शेजारी नांदतात. रास्पबेरी पायची ३२ बिटांची कार्यप्रणाली, अगदी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेली प्रतसुद्धा, २०१२ च्या पहिल्या पाटीवर चालते. त्यासाठी एकाच कार्डावर निरनिराळ्या चिपांकरिता निरनिराळे गाभे आणि याद्या भरून पाठवितात, आणि पाटी सुरू होताना आपल्यापुरते उचलून घेते. गेल्या वर्षीच्या मुलाची पाटी यंदाच्या वर्गात चालावी यासाठी कोणीतरी घेतलेले हे कष्ट आहेत.

जुने सोडावे लागतच नाही असे मात्र नव्हे. ज्या ३८६ नावाच्या चिपवर १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म झाला, तिचाच आधार लिनक्सने डिसेंबर २०१२ मध्ये काढून घेतला, म्हणजे एआरएमच्या अनेक घराण्यांस एकाच छपराखाली घेतले त्याच महिन्यात. तिच्यासाठी राखलेल्या आडवळणांनी नव्या कामात फार अडथळा येत होता. मात्र ३.७ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती कोणी पुसून टाकली नाही. ती आजही जशीच्या तशी उतरवून घेता येते, आणि माळ्यावर एखादे ३८६ अजून तग धरून असेल तर त्यावर चालविता येते.