पहिल्यांदाच जहाजाने जाताना

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये दोघी शिक्षिकांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही क्रूझला जाऊन आलात. आम्ही आईवडिलांना घेऊन जावं का?" मधल्या सुट्टीत उत्तर पुरं होईना, म्हणून या वेळचं सदर त्याच विषयावर.

आमच्या घरात जहाज नवं नाही. माझी नानी मुंबईहून जहाजानंच हजला गेली. १९९५ पर्यंत हाजींची जहाजं मुंबई बंदरातून जिद्दाला जात असत. नंतर सगळे विमानानं जाऊ लागले. नानीला निरोप द्यायला धक्क्यावर उभी राहिलेली अम्मी तेव्हा लहान मुलगी होती. "एकदा मलाही जहाजात बसायचंय," असं ती नेहमी म्हणायची. अब्बांच्या इंतकालनंतर तिनं ते म्हणणंही सोडलं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबई–लक्षद्वीप–मुंबईची तिकिटं काढली.

पहिली चूक चढतानाच झाली, आणि ती माझी. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि नंतर केबिनच्या दारात आणून ठेवतात. हे 'नंतर' म्हणजे कधी कधी संध्याकाळ. अम्मीचं इन्सुलिन मी नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवलं होतं! सकाळचा डोस झाला होता. दुपारी जेवण समोर आलं, पण इंजेक्शनशिवाय जेवायला ती तयार होईना. "असू दे ग, बॅग येईपर्यंत थांबते," म्हणाली. मी मजल्यामजल्यावर बॅग शोधत फिरले. परत आले तर तिचे हात थरथरत होते, कपाळावर घाम. जहाजाच्या डॉक्टरांनी आधी साखरेचं पाणी दिलं, मग मला समजावलं, "मॅडम, यांना उपाशी ठेवणं जास्त धोक्याचं होतं." अल्लाहचं करम, अर्ध्या तासात ती सावरली. पण ते अर्धा तास मी विसरणार नाही.

म्हणून पहिला सल्ला: औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. इन्सुलिन थंड ठेवायची सोय केबिनमध्ये आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. जहाजावरच्या डॉक्टरांची फी वेगळी पडते, तेव्हा प्रवासाचा विमा घ्या आणि त्यात समुद्रप्रवास धरलाय का, ते वाचून घ्या.

दुसरं, केबिन. जहाज दोन्ही टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त डोलतं. ज्यांना बस लागते त्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. मळमळलं तर मोबाइल बाजूला ठेवून मोकळ्या हवेत यावं आणि दूर क्षितिजाकडे बघावं. पोट अगदी रिकामंही नको, तुडुंब भरलेलंही नको.

तिसरं, सुरक्षेची कवायत. सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी बोलावून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा. लोक कंटाळा करतात, पण २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून ३२ माणसं गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतरच जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत घेण्याचा नियम आला. मुलांचा हात धरून जा आणि केबिनपासून तिथवरची वाट दोनदा चालून बघा.

चौथं, पैसे. जेवण तिकिटात असतं. पण थंड पेयं, दुकानं, काही खास हॉटेलं आणि इंटरनेट वेगळं. रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं आणि शेवटच्या दिवशी बिल हातात येतं. मुलांच्या कार्डावर मर्यादा घालून घ्या. किनारा सुटला की फोन विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून बिल वाढतं.

आता आपल्या घरांतले प्रश्न. मांस हलाल आहे का, हे आधीच लेखी विचारा. खात्री नसेल तर शाकाहारी आणि मासे आहेतच. बार आणि जुगाराचा कोपरा असतो, पण तिकडं जायची सक्ती कुणी करत नाही. मुलांशी मात्र निघण्याआधीच मोकळेपणानं बोला. किब्ला या वाटेवर पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. जहाज वळत राहतं आणि लोखंडाजवळ फोनचं होकायंत्र चुकतं, म्हणून सूर्य कुठं मावळतो ते डेकवरून पाहून ठेवा. डोलण्यामुळं उभं राहवत नसेल तर बसून नमाज होते. कस्रचे मसाइल निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारा.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, त्याचे कागद वेळेत द्या. जहाज बेटापासून दूर नांगर टाकतं आणि लहान होडीत उतरावं लागतं. होडी खालीवर होते. अम्मीचे गुडघे बघता तिला ते जमणार नव्हतं, आणि हे मी आधी विचारलंच नव्हतं. मुलं मिस्टरांबरोबर गेली, मी तिच्यापाशी थांबले. मला वाईट वाटत होतं.

पण ती खुर्ची ओढून कठड्यापाशी बसली, तसबीह हातात घेऊन. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझी अम्मा कितीतरी दिवस हेच पाणी बघत गेली असेल, नाही? आणि मी धक्क्यावर रडत होते, की ती आता दिसणार नाही."

तर बायांनो, आईवडिलांना जरूर न्या. फक्त त्यांची औषधं हातात ठेवा, आणि बेटावर उतरणं त्यांना जमेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.