शस्त्रक्रियागृहातील कार्यक्षमता कोणासाठी?

सार्वजनिक रुग्णालयात सकाळी नऊला व्हावयाची पहिली शस्त्रक्रिया साडेदहाला सुरू होते, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे. कधी धुलाईला गेलेले कपडे परत आलेले नसतात, कधी रक्तपेढीतून पिशवी आणावयास माणूस नसतो, कधी भूलतज्ज्ञ एक आणि टेबले तीन अशी अवस्था असते. पहिल्या रुग्णाचा उशीर दुसऱ्याच्या माथी बसतो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. दुपार कलली की यादीतील शेवटच्या दोघांना ‘आज होणार नाही, उद्या बघू’ असे सांगण्यात येते. त्या दोघांनी आदल्या रात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य केलेले असते. सोबत आलेल्या भावाचा कामावर खाडा पडलेला असतो, वऱ्हांड्यात झोपलेल्या सासूचे बाहेरच्या खाणावळीत रोज पैसे जात असतात, घरी गुरांना आणि पोरांना शेजाऱ्याच्या हवाली केलेले असते. या खर्चाची नोंद रुग्णालयाच्या कोणत्याही वहीत होत नाही. हिशेबतपासनिसाला दिसते ते एवढेच की, शस्त्रक्रियागृहावरचा खर्च मंजूर रकमेच्या आत राहिला. तो आत राहिला, कारण उरलेला खर्च गरिबाने आपल्या पदरातून भरला.

कार्यक्षमता हा शब्द ऐकताच पुरोगामी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यास कारणही आहे. गेली शंभर वर्षे हा शब्द घेऊन कारखान्यात जो माणूस आला त्याच्या हातात बहुधा थांबघड्याळ होते आणि तो गेल्यावर काही कामगारांची नावे हजेरीपटावरून कमी झालेली होती. परंतु म्हणून हा शब्दच त्याच्या स्वाधीन करून टाकणे शहाणपणाचे नाही. तासभर रिकामे पडलेले शस्त्रक्रियागृह ही सार्वजनिक संपत्तीची नासाडीच असते, आणि श्रीमंताला दुसरीकडे जाता येत असल्याने तिची झळ फक्त गरिबाला लागते. तेव्हा प्रश्न कार्यक्षमता हवी की नको असा नाही. ती कशातून निर्माण करावयाची आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात टाकावयाचा, हा आहे.

या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत विटा रचण्याच्या कामातून पुढे आलेला फ्रँक गिलब्रेथ हा हालचालींच्या अभ्यासाचा एक जनक मानला जातो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने शस्त्रक्रियागृहात कॅमेरा नेला. शल्यविशारदाचा मोठा वेळ हवे ते उपकरण शोधण्यात जातो, असे त्याला आढळले. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या परिचारिकेने मागणीसरशी ठरलेले उपकरण हातावर ठेवावे, ही पद्धत त्याने सुचविली. आज ती जगभर इतकी अंगवळणी पडली आहे की, कधीकाळी ती नव्हती हे कोणाला खरेही वाटणार नाही. गिलब्रेथच्या या सूचनेने शल्यविशारदाचे हात वेगाने चालू लागले ते दुसऱ्या माणसाचे कौशल्य त्यांना जोडले गेले म्हणून. त्या दुसऱ्या माणसाला केवळ हात आहेत की डोळे आणि तोंडही आहे, हा विचार मात्र त्या वेळी कोणी केला नाही.

आपल्या देशात शस्त्रक्रियेच्या वेगाची दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. पहिले मदुराईचे. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली तेथे ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा गृहस्थ स्वतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करीत असे. अरविंदची पद्धत सांगावयास सोपी आहे. शल्यविशारदाच्या दोन बाजूंना दोन टेबले असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढील रुग्ण तयार होत असतो. पहिले काम संपले की सूक्ष्मदर्शक दुसरीकडे वळवावयाचा आणि पुढचे काम सुरू करावयाचे. उपकरणांचे अनेक संच निर्जंतुक होऊन हाताशी असतात. डोळा तपासणे, औषध घालणे, रुग्णाला तयार करणे, उपकरणे देणे ही सारी कामे खेड्यांतून निवडून, दोन वर्षे शिकवून तयार केलेल्या मुली करतात. यामुळे येथील एक शल्यविशारद वर्षाकाठी दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. निम्म्याहून अधिक रुग्णांवरील उपचार मोफत वा अल्प शुल्कात होतात. आणि डोळ्याच्या आतील जंतुसंसर्गाचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. प्रत्येक बिघडलेल्या डोळ्याची नोंद होते, ती कोणाच्या हातून बिघडली हे लपविले जात नाही आणि तिच्यावर सर्वांसमक्ष चर्चा होते. त्या मुलींचे वेतन आणि त्यांच्या बढतीच्या वाटा यांविषयी प्रश्न विचारता येतील आणि ते विचारलेही पाहिजेत. परंतु त्यांच्या शिक्षणावर संस्थेने दोन वर्षे खर्च केली आहेत, हे विसरता येणार नाही.

दुसरे उदाहरण छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्याचे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथे, वापरात नसलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत, संततिनियमनाचे शिबिर भरले. काही तासांत ८३ स्त्रियांवर एकाच शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केल्या. शासनाचेच नियम असे होते की, एका चमूने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत आणि त्यासाठीही तीन दुर्बिणी असाव्यात. त्या आणि त्याच सुमारास झालेल्या शिबिरांतील मिळून १३ स्त्रिया दगावल्या. दिलेल्या गोळ्यांत विष होते की उपकरणे व हात अशुद्ध होते, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादाच्या धुरळ्यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. त्याच वर्षाच्या आरंभी या शल्यविशारदाचा, ५० हजार शस्त्रक्रिया पुऱ्या केल्याबद्दल, सरकारी सत्कार झालेला होता. सरकारला जे हवे होते तेच त्याने केले होते. त्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये, बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री दोन तासांत ५३ स्त्रियांवर अशाच शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या होत्या. देविका बिस्वास यांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी ही शिबिरपद्धती तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

नुसते आकडे पाहणाऱ्याला मदुराई आणि बिलासपूर येथे एकच गोष्ट दिसेल: थोड्या वेळात पुष्कळ शस्त्रक्रिया. वस्तुतः ही दोन टोके आहेत. मदुराईत वेग तयारीतून आला. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर जे लागते त्यासाठी पुरेशी, शिकलेली माणसे आणि पुरेशी उपकरणे होती, म्हणून मधली काही मिनिटे निर्वेध झाली. बिलासपुरात वेग कपातीतून आला. माणसे कमी, उपकरणे कमी, विश्रांती नाही, आणि वरून उद्दिष्टाचा आकडा. तिथे मध्येच थांबून ‘साहेब, दुर्बीण अजून नीट निर्जंतुक झालेली नाही’ असे म्हणू शकेल अशी एखादी व्यक्ती होती काय? असती तरी, ज्या शिबिराच्या मागे जिल्ह्याचे उद्दिष्ट उभे आहे, तेथे तिचे ऐकले गेले असते काय?

शस्त्रक्रियागृहातील सुरक्षिततेच्या साऱ्या विवेचनाचा गाभा या प्रश्नात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी, मध्ये आणि अखेरीस वाचावयाची १९ कलमांची एक पडताळणी-सूची प्रसृत केली. तिच्यामागे असलेले डॉ. अतुल गवांदे हे अमेरिकेतील शल्यविशारद. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. सूचीत काही अद्भुत नाही. रुग्ण हाच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला करावयाची, प्रतिजैविक तासाभरात दिले की नाही, अखेरीस सुया आणि गॉज मोजून पुरे भरले काय, अशी साधी विचारणा आहे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

परंतु कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१० पासून रुग्णालयांना या सूचीचा वापर जाहीर करणे सक्तीचे केले, तेव्हा १०१ रुग्णालयांत मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक पडला नाही, असे २०१४ साली दिसून आले. एकच कागद एका ठिकाणी जीव वाचवितो आणि दुसऱ्या ठिकाणी का वाचवीत नाही? कारणे अनेक सांगितली गेली. त्यांतील एक कोणत्याही सरकारी कचेरीत वावरलेल्या माणसास लगेच पटेल. सक्ती झाली की रकाने भरले जातात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नुसता कागद न देता सर्व दर्जांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून, परस्परांशी बोलण्याचे आणि वरिष्ठाला अडविण्याचे शिक्षण देण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे शिक्षण झालेल्या ७४ रुग्णालयांत वार्षिक मृत्युप्रमाण १८ टक्क्यांनी घटले होते, इतर ३४ रुग्णालयांत ७ टक्क्यांनी. सूचीतील एक कलम बहुतेकांना बालिश वाटते: सुरीचा पहिला छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. ज्याने एकदा आपले नाव मोठ्याने उच्चारले तो पुढे गरज पडल्यास बोलण्याची शक्यता वाढते, एवढाच तिच्यामागचा हिशेब आहे.

आपल्याकडे या कलमाची गाठ जुन्या उतरंडीशी पडते. शल्यविशारद, त्याखाली भूलतज्ज्ञ, त्याखाली शिकाऊ डॉक्टर, मग सिस्टर, मग तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, मावशी आणि सर्वांत शेवटी फरशी धुणारा सफाई कामगार. तो बहुधा कोणत्या समाजातून आलेला असतो हे सांगावयास नको. शस्त्रक्रियागृहात जंतूंचा शिरकाव होतो की नाही हे याच शेवटच्या तिघाचौघांच्या हातांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ऑटोक्लेव्हचा दाब पुरेसा चढला नव्हता, हे त्यांनाच ठाऊक असते. पण त्यांना त्यांचे नाव विचारणारा कोणी भेटत नाही. ‘ए मामा’, ‘ओ मावशी’ यांवर काम भागते.

या उतरंडीवर गेल्या काही दशकांत कंत्राटी पद्धतीचा थर चढला आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचारी ११-११ महिन्यांच्या नियुक्तिपत्रांवर वर्षानुवर्षे राबले. सफाई आणि मदतनीस यांची कामे ठेकेदाराकडे गेली. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीसाठी नऊ संस्थांची निवड केली. महाराष्ट्रभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. निर्णय मागे गेला, त्यामागचा विचार गेला आहे असे समजण्यास आधार नाही. बचतीच्या नावाने या पद्धतीचे समर्थन करणारे अर्थशास्त्र फार उथळ आहे. चमू म्हणजे एकत्र उभी केलेली पाच माणसे नव्हेत. एकमेकांच्या सवयी ओळखणारी, वर्षभर एकत्र काम केलेली पाच माणसे म्हणजे चमू. ठेकेदार बदलला की मदतनीस बदलतो, त्याला ट्रे लावावयास पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, आणि तो वेळ शस्त्रक्रियेच्या यादीतून वजा होतो. सकाळी वाया गेलेल्या दीड तासाचे एक मूळ येथे आहे. शासन वेतनात जे वाचविते ते टेबलावर गमावते, आणि सुरुवातीस सांगितल्याप्रमाणे त्याचे बिल वऱ्हांड्यात बसलेल्या नातेवाइकाकडे जाते.

सुरक्षिततेच्या बाबतीत हा व्यवहार अधिकच आतबट्ट्याचा आहे. शस्त्रक्रियेच्या अखेरीस मोजणीत एक मॉप कमी भरला, तर ‘थांबा, टाके घालू नका’ असे सांगणे परिचारिकेचे काम असते. शल्यविशारद दिवसभराने थकलेला असतो, पुढचा रुग्ण दाराशी असतो, ‘नीट मोज’ असे तो खेकसतो. ती कायम नोकरीत असेल तर पुन्हा मोजून पुन्हा तेच सांगेल. जिचे नियुक्तिपत्र पुढील महिन्यात संपणार आहे आणि ज्याच्या शेऱ्यावर ते वाढणार आहे तोच माणूस समोर सुई घेऊन उभा आहे, तिच्याकडून त्याच धैर्याची अपेक्षा करणे म्हणजे रुग्णाची सुरक्षितता एका असुरक्षित व्यक्तीच्या शौर्यावर सोपविणे होय. अशा वेळी मोजणी जुळल्याची खूण कागदावर होऊन जाते. चौकशी समितीपुढे तो कागद निर्दोष दिसतो.

म्हणून शस्त्रक्रियागृह आणि त्याला जोडलेला निर्जंतुकीकरण विभाग यांतील पदे, सफाई कामगारापर्यंत, कायम स्वरूपात भरली पाहिजेत. नवे भव्य यंत्र घेण्याआधी उपकरणांचे जादा संच आणि पुरेशी कापडे घेतली पाहिजेत, कारण दोन शस्त्रक्रियांमधला वेळ बहुतांशी तेथेच जातो. चूक कळविणाऱ्यास संरक्षण देणारा लेखी आदेश निघाला पाहिजे. आणि प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाने रोज किती शस्त्रक्रिया झाल्या याच्या शेजारी, उपाशी ठेवून किती जणांना परत पाठविले आणि कोणत्या कारणाने, हा आकडाही बाहेरच्या फलकावर मराठीत लिहिला पाहिजे. या शेवटच्या मागणीला एका खडूपलीकडे काही खर्च येत नाही. तीच मान्य होण्यास सर्वांत अधिक वेळ लागेल, असे दिसते.